व्हर्जिनियाच्या ६०६ पट्ट्या: १:१०० मॉडेलच्या नोंदी

३ जानेवारी

शेवटी सुरू केलं. जहाज सीएसएस व्हर्जिनिया, अमेरिकन यादवी युद्धातलं दक्षिणेकडचं लोखंडी चिलखतवालं. मूळचं हे यूएसएस मेरिमॅक, एप्रिल १८६१ मध्ये गॉसपोर्टची गोदी सोडताना उत्तरेच्या लोकांनी जाळून बुडवलं, दक्षिणेच्या लोकांनी ३० मेला वर काढलं, जळालेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या सांगाड्यावर उतरत्या भिंतींचं लोखंडी घर बसवलं. मॉडेल करायला हेच का, तर दिसायला सोपं वाटलं म्हणून. डोलकाठ्या नाहीत, दोरखंड नाहीत, पाण्यावर नुसतं एक छप्पर. किती सोपं ते पुढे वाचालच.

आधीच सांगून ठेवतो, या जहाजाचा एकही फोटो उपलब्ध नाही आणि जे नकाशे फिरतात ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे मी एका कागदावर माझे आकडे लिहून भिंतीला चिकटवले आणि ठरवलं की आता हेच खरे, काम अर्धं झाल्यावर दुसरा नकाशा बघून बदलायचे नाहीत. एकूण लांबी २७५ फूट म्हणजे ८३८ मिमी, रुंदी ५१ फूट २ इंच म्हणजे १५६ मिमी, केसमेट (ते लोखंडी घर) १७० फूट धरलं म्हणजे ५१८ मिमी, त्याची उभी उंची ४० मिमी धरली, भिंतीचा उतार ३६ अंश. केसमेटची दोन्ही टोकं गोल आहेत, हे लक्षात ठेवा, सगळा ताप तिथेच आहे.

स्केल १:१०० घेतलं कारण फुटांचं मिमी करायला डोकं लागत नाही. शिवाय चिलखताची प्लेट ८ इंच रुंद आणि २ इंच जाड, म्हणजे या स्केलला २ मिमी रुंद आणि अर्धा मिमी जाड. अर्ध्या मिमीची स्टायरिन (मॉडेलचं प्लास्टिक) शीट तयार मिळते. इथे मला फार आनंद झाला होता.

५ जानेवारी

१ मिमी शीटमधून १३ बल्कहेड (सांगाड्याचे आडवे पडदे) कापले, मधल्या कण्याला खाचा पाडून बसवले, काटकोन बघून चिकटवले. एकूण साडेचार तास. खाच कण्याच्या जाडीएवढीच ठेवा, मी जरा सैल ठेवली आणि दोन बल्कहेड तिरके झाले, ते परत काढले.

पुढच्या डेकच्या फळ्यांनाही हात घातला, रोज थोडं थोडं करीन.

११ जानेवारी

पहिला मोठा घोळ. वरची जाळी मोजायला घेतली (केसमेटचं छप्पर म्हणजे लोखंडी जाळी होती, खाली तोफखान्यात उजेड आणि हवा जावी म्हणून) तर वरची रुंदी ९८ मिमी भरली. माझ्याच कागदावर ४६ लिहिलेली. तासभर मी कागदच चुकीचा आहे असं धरून बेरजा करत बसलो. मग कोनमापक लावला.

३६ अंश हे आडव्या रेषेपासून मोजायचे असतात. मी उभ्या रेषेपासून मोजले होते. म्हणजे माझी भिंत ५४ अंशांवर उभी, जवळजवळ घराची भिंतच, आणि या जहाजाचा सगळा मुद्दा काय तर भिंत इतकी लोळलेली की गोळा घसरून वर उडावा.

४० मिमी उंचीला भिंत आत किती सरकते बघा: ३६ अंश आडव्यापासून घेतले तर ५५ मिमी, उभ्यापासून घेतले तर २९. कापायच्या आधी हा एक आकडा काढला असता तर वाचलो असतो. १३ बल्कहेड, पूर्ण कणा, एक अख्खी शीट आणि सहा दिवस पाण्यात. काढून दुरुस्त करण्यासारखं नव्हतं, नवीनच कापले. जुने फेकले नाहीत, रंगाची चाचणी घ्यायला उपयोगी पडतात.

१८ जानेवारी

नवीन सांगाडा तयार, कोन तीनदा तपासला. सरळ बाजूंवर अर्ध्या मिमीची शीट चढवली. खऱ्या जहाजावर लोखंडाचे दोन थर होते, आतला आडव्या प्लेट्सचा आणि बाहेरचा उभ्या. आतला थर मी पट्ट्यांचा केला नाही, सपाट शीटच लावली. तो दिसतो फक्त तोफांच्या खिडक्यांच्या कडेला, तिथे दोन रेघा ओरखडल्या की झालं. यावर कोणाला वाद घालायचा असेल तर घालावा, मी ३०० पट्ट्या झाकून टाकण्यासाठी कापणार नाही.

रात्री चढवलेली शीट सकाळी बघतो तर प्रत्येक दोन बल्कहेडच्या मध्ये आत गेलेली, उपाशी घोड्याच्या बरगड्या दिसाव्यात तशी. कारण सिमेंट. मी पातळ सॉल्व्हेंट सिमेंट सढळ हाताने ओतलं, ते आत बंद पेटीत अडकलं, वाफ बाहेर जायला जागा नाही, शीट आतून मऊ पडली आणि बसली. उपाय म्हणून खालच्या तळाला ८ मिमीची भोकं पाडली, शीट काढली, बल्कहेडच्या मध्ये फोमचे तुकडे कोरून भरले आणि नवीन शीट या वेळी सुपरग्लूने लावली. दुसरी शीट वाया.

एक फायदा झाला, आतून फोम असल्यामुळे पट्ट्या दाबताना हाताला आधार मिळतो. हे पहिल्यापासून करायला हवं होतं.

२५ जानेवारी

गोल टोकं. हा अर्धा शंकू आहे, वरून छाटलेला. यावर शीट गुंडाळायची तर तिचा आकार आधी सपाट कागदावर काढावा लागतो. मी अंदाजाने अर्धवर्तुळ कापलं आणि ते नीट बसेना, एका बाजूला भरपूर शीट उरत होती. मग शांतपणे बसून गणित केलं. खालची त्रिज्या ७८, वरची २३, दोन्हीला कोसाइन ३६ ने म्हणजे ०.८०९ ने भागलं की कागदावरच्या कमानींच्या त्रिज्या येतात, ९६.४ आणि २८.४. आणि कमान १८० अंशांची नाही, १४५.६ अंशांची. कंपासने कागदावर काढून कापलं, लावलं, असं बसलं की मीच दोन मिनिटं बघत राहिलो. मग शीट त्याच मापाने कापून हेअर ड्रायरने जराशी गरम करून वाकवली. जास्त गरम केली तर ती पापडासारखी गोळा होते, एक झाली.

१ फेब्रुवारी

पट्ट्या. हिशोब असा: सरळ भाग ३६२ मिमी, २ मिमीची एक पट्टी, म्हणजे एका बाजूला १८१, दोन बाजूंना ३६२. प्रत्येक गोल टोकाला खालची कड २४५ मिमी, म्हणजे १२२ पट्ट्या, दोन टोकांना २४४. एकूण ६०६. प्रत्येकीची लांबी ६८ मिमी.

आज स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन ६० कापल्या, ५२ लावल्या. तीन तास.

२ फेब्रुवारी

५२ च्या ५२ काढल्या. डोळ्याने खूण बघून कापलेल्या पट्ट्यांमध्ये कोणी १.८, कोणी २.२. एकेक बघितली तर कळत नाही पण ५० लागल्या की शेवटची पट्टी वरच्या बाजूला ३ मिमी कललेली असते. लांबून बघितलं की सगळी भिंत वाऱ्याने झुकलेल्या गवतासारखी.

मग जिग केला. लाकडी फळी, तिच्यावर एक पक्की आडकाठी, आडकाठीला शीटची कड टेकवायची आणि कटर चालवायची स्टीलपट्टी दोन स्क्रूंनी बरोबर २ मिमीवर कसलेली. शीट सरकव, काप, सरकव, काप. मोजायचंच नाही. शिवाय भिंतीवर दर २० मिमीला पेन्सिलची उभी रेघ मारली, म्हणजे दर दहा पट्ट्यांनंतर हिशोब जुळलाच पाहिजे, नाही जुळला तर तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही.

दुसरी गोष्ट, कटरने कापलेल्या पट्टीची एक कड किंचित वर उचललेली असते, बोट फिरवलं की लागते. ती तशीच लावली तर रंगानंतर प्रत्येक सांध्यावर चकचकीत रेघ उठते. म्हणून दर पट्टी ४०० च्या सँडपेपरवर दोन्हीकडून एकेकदा ओढायची. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

९ फेब्रुवारी

सरळ बाजू पूर्ण. जिगनंतर तासाला ३० चा वेग आला. खिडक्यांबद्दल: मी आधी पट्ट्या लावून मग खिडक्या कापायला गेलो तर अर्धवट तुकडे टपाटप निघून आले. दुसऱ्या बाजूला उलटं केलं, खालच्या शीटमध्ये खिडकी आधी कापली, पट्ट्या तिच्यावरून सरळ नेल्या, पूर्ण रात्र वाळू दिल्या आणि मग आतून ड्रिल करून बाहेरच्या दिशेने कातरत आणल्या. एकही तुकडा निघाला नाही.

१६ फेब्रुवारी

गोल टोकांवर दोन मिमीची पट्टी वर जाताना बसत नाही हे उघड आहे, खाली २ मिमी तर वर ०.६ मिमीच जागा आहे. तरी मी आधी शहाणपणा केला, सरळ पट्ट्याच लावून वर एकमेकींवर चढलेला भाग कापायचा. जपानी पंखा झाला. काढलं.

मग हे सुचलं, आणि या सगळ्या नोंदींतली हीच एक गोष्ट कोणी उचलली तरी मला चालेल. ६८ मिमी रुंद शीटचा लांब पट्टा घ्यायचा. वरच्या कडेवर खुणा ०.६, २.६, ३.२, ५.२ अशा, खालच्या कडेवर २, २.६, ४.६, ५.२ अशा. समोरासमोरच्या खुणा जोडून कापत गेलं की एक पट्टी सुलटी, एक उलटी, अशा डोक्याला पाय लावून निघतात. काही वाया जात नाही. १२२ जोड्यांना ३१७ मिमी पट्टा पुरतो. खुणा ग्राफ पेपरवर मारून तो कागदच शीटला चिकटवला आणि कागदासकट कापलं. मग आठ आठ पट्ट्या दोन स्टीलपट्ट्यांत दाबून कडा एकसारख्या घासल्या.

चिमट्याने ०.६ चं टोक धरायचं, खालचं टोक आधी टेकवायचं, सिमेंट ब्रशच्या टोकाने एक थेंब, मोजून एकच. दोन थेंब पडले की वरचं निमुळतं टोक विरघळून केसासारखं वाकतं. अशी २७ गेली.

१ मार्च

नऊ संध्याकाळी लागल्या दोन टोकांना. मागच्या टोकाला १२२ ऐवजी १२१ बसल्या, कुठेतरी हात जड झाला. शोधायला जाणार नाही.

आता बोल्ट. मी सुरुवातीलाच रेझिनच्या उठावदार रिव्हेटच्या दोन शीट आणून ठेवल्या होत्या, लोखंडी जहाज म्हणजे रिव्हेट हवेतच असं डोक्यात. पण व्हर्जिनियाच्या प्लेट्सचे बोल्ट काउंटरसंक होते, डोकी प्लेटच्या आत बुडालेली, वरून सपाट, आणि आतल्या बाजूला नट. व्यास १⅜ इंच, म्हणजे मॉडेलवर ०.३५ मिमी. उठाव मुळातच नाही. रिव्हेटच्या दोन्ही शीट न उघडता पडून आहेत.

सुईने एका पट्टीवर टोचून बघितलं. जवळून छान, हातभर लांबून काहीच दिसत नाही आणि टोचताना पट्टी चेपते. त्यामुळे फक्त पुढच्या टोकाच्या तीन खिडक्यांभोवती टोचले, बाकी सोडले. खऱ्या कारागिरांनाही या भोकांनी रडवलंच होतं, आधी १ इंचाच्या प्लेट्स ठरल्या होत्या, त्यांना भोकं ठोकून पाडता यायची, चाचण्यांनंतर जाडी २ इंच झाली आणि रिचमंडच्या ट्रेडेगर कारखान्यात प्रत्येक भोक ड्रिलने पाडायची वेळ आली. वाचून जरा बरं वाटलं.

९ मार्च

आज पूर्ण करायचं ठरवलं होतं. ९ मार्च १८६२ ला हॅम्प्टन रोड्समध्ये हिची आणि उत्तरेच्या लोखंडी जहाजाची, मॉनिटरची, लढाई झाली, तो मुहूर्त गाठायचा होता. मुहूर्त गेला.

तोफा मात्र झाल्या. झाल्या त्याही जास्तच. खिडक्या १४ म्हणून मी १४ तोफा कातल्या (अॅक्रिलिक काडी ड्रिलमध्ये धरून, सँडपेपरने). जहाजावर तोफा होत्या १०. दोन्ही बाजूंना चार चार, आणि दोन टोकांना एकेक ७ इंची ब्रुक तोफ, जी फिरवून तीनपैकी कुठल्याही खिडकीतून मारता यायची. म्हणजे टोकांच्या सहापैकी चार खिडक्या रिकाम्याच. चार तोफा उरल्या.

आणि मी ९ मार्चचं जहाज करतोय. आदल्या दिवशी, ८ तारखेला, हिने कंबरलंड आणि काँग्रेस ही दोन जहाजं संपवली तेव्हा हिच्या बाजूच्या दोन ९ इंची डालग्रेन तोफांची तोंडं उडाली होती. म्हणून दोन चांगल्या कातलेल्या तोफांची तोंडं पक्कडीने मोडली. मोडताना हात धजत नव्हता.

१६ मार्च

याच तारखेच्या गोंधळाचा पुढचा अंक. दोन संध्याकाळी खपून दोन होड्या आणि त्यांचे डेव्हिट (होड्या टांगायचे वाकडे खांब) केले होते, एकेक वल्ह्यासकट. ८ तारखेच्या माऱ्यात बाहेरचं सगळं साफ झालं होतं, कठडे, डेव्हिट, एक नांगर, झेंड्याची काठी. ९ ला होड्या नाहीत. डबीत गेल्या.

कोणतंही युद्धजहाज करताना आधी तारीख ठरवा, वर्ष नाही, तारीख. मॉनिटर करणाऱ्यांनाही तेच, तिचे प्रसिद्ध फोटो जुलै १८६२ चे आहेत, त्यात बुरुजावर गोळ्यांचे खड्डे आहेत आणि सुकाणूच्या केबिनला तिरक्या बाजू लावलेल्या आहेत. ९ मार्चच्या सकाळी यातलं काहीच नव्हतं, केबिन सरळ उभ्या भिंतींची होती.

धुराडं चाळणी झालेलं हवं. स्टायरिनच्या नळीला भोकं पाडली तर भिंत इतकी जाड दिसते की गोळ्याचं भोक न वाटता बासरी वाटते. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळला, तो ०.१ मिमी. आत जाणारं भोक सुईने बाहेरून, पलीकडे निघणारं आतून, म्हणजे कडा बाहेर फाटतात.

२३ मार्च

रंग. नक्की रंग कोणता याबद्दल वर्णनं वेगवेगळी, मी काळपट लोखंडी आणि त्यावर गंजाची हलकी झाक घेतली. खरी मजा वेगळीच आहे, लढाईआधी उतारावर चरबी फासली होती, गोळे घसरावेत म्हणून. मग ती दाखवायची कशी? आधी ग्लॉस वार्निश मारलं, प्लास्टिकचं खेळणं दिसायला लागलं. जुन्या बल्कहेडवर (बघा, उपयोगी पडले) चार प्रकार करून पाहिले. चरबीवर धूर आणि काजळी बसली की ती चमकत नाही, मळते. शेवटी मॅट वार्निश, त्यावर सॅटिनचे उभे ओघळ, आणि ओघळ ओले असतानाच काळ्या पिगमेंटची चिमूट. एका फटक्यात जमलं नाही पण तिसऱ्या वेळी तेलकट तव्याची बाहेरची बाजू असते तसं दिसलं. तेच हवं होतं.

५ एप्रिल

पाणी. जहाजाचे पुढचे मागचे डेक पाण्याखाली असायचे, वर दिसायचं फक्त केसमेट. म्हणजे जानेवारीपासून ज्या डेकच्या फळ्या मी जोडत होतो त्या बुडणार. पण ९ तारखेला कोळसा, दारूगोळा खर्च झालेला आणि ढुशीचा लोखंडी भालाही कंबरलंडमध्ये तुटून राहिलेला, त्यामुळे ती जरा वर उठली होती. म्हणून डेकवर ३ मिमीच पाणी ठेवलं, फळ्या अंधुक दिसतील. केलेलं काम दाखवायची सोय म्हणा हवं तर.

रेझिन मिसळलं, ओतलं, बुडबुडे काढले, झोपलो. सकाळी केसमेटच्या खालच्या सेंटिमीटरभर भागात प्रत्येक दोन पट्ट्यांच्या फटीत रेझिन वर चढलेलं. वातीत तेल चढतं तसं. ६०५ पट्ट्या म्हणजे ६०५ वाती, मीच तयार केलेल्या. चरबीचं सगळं काम चकचकीत काचेखाली गेलं.

१२ एप्रिल

ताई दातांची डॉक्टर आहे, तिच्याकडून दात कोरायची दोन जुनी हत्यारं आणली. देताना म्हणाली, "तुझं बरंय, पेशंट ओरडत नाही." आठवडाभर रोज दीड तास एकेक फट कोरली. रेझिन पूर्ण कडक व्हायच्या आत, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी, ते चीजसारखं सोलून येतं. पाचव्या दिवसापासून तुटतं आणि रंग घेऊन येतं, त्यामुळे डावी बाजू उजवीपेक्षा चांगली आहे, मी डावीकडून सुरुवात केली होती.

खालचा भाग परत रंगवला. ओतायच्या आधी करायचं हे होतं: पाणरेषेच्या खालच्या फटी पुट्टीने बंद करायच्या, वार्निशचे दोन हात द्यायचे, आणि रेझिन एका दमात ३ मिमी न ओतता एकेक मिमी. पहिला मिमी घट्ट झाला की वर चढायला वाटच राहत नाही. जुन्या सांगाड्याच्या तुकड्यावर करून बघितलं, अजिबात चढलं नाही.

१९ एप्रिल

धुराडं चिकटवलं, झेंड्याची काठी मोडकी लावली. व्हर्जिनिया शेल्फवर, उजवी बाजू भिंतीकडे.

मॉनिटरला सुरुवात. बुरुजाचा आतला व्यास २० फूट, भिंत १ इंची प्लेट्सच्या आठ थरांची, म्हणजे बाहेरून २१ फूट ४ इंच, मॉडेलवर ६५ मिमी. प्लंबिंगचा ६३ मिमीचा पाईप घेतला, त्यावर १ मिमी शीट गुंडाळली की बरोबर ६५. उंची ९ फूट, म्हणजे २७.४. पाईप कापला, कड वाकडी आली, सँडपेपरवर आठच्या आकड्यात फिरवून सपाट करतोय. २८ वर आहे.